मुलाचा आवाज बॅरिटोन आहे आणि त्याला ऑपेरात जायचंय, यातलं कोणी काही सांगू शकेल का?

खाडीकिनारी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगा एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणी तबला शिकला, तो सुटला, मग कॉलेजच्या कॉयरमध्ये गेला आणि तिथून जे सुरू झालं ते आता असं की रोज सकाळी सहाला किचनमध्ये येतो, स्टीलच्या ग्लासात अर्धं पाणी घेतो, त्यात स्ट्रॉ घालतो आणि स्ट्रॉमधून सूर लावत बुडबुडे काढत बसतो, चांगली पंधरा मिनिटं. मी पोळ्या लाटत असते आणि शेजारी हे बुडबुड बुडबुड, खालून वर, वरून खाली. आता मला बुडबुड्यांवरूनच कळतं, एकसारखे येत असले की आवाज बरा आहे, मधेच फुटले की रात्री जागलाय.

परवा जेवताना म्हणाला, आई, मला ऑपेरा सिंगर व्हायचंय, बॅरिटोन, आणि इथे नाही, जगभर गायचंय. हे काही लहान मुलाचं बोलणं नव्हतं हे मला कळलं. त्याचे बाबा गप्प बसले, मीही गप्प बसले कारण मला यातलं काहीच माहीत नाही. आमच्याकडे गाणं म्हणजे भीमसेनजींची कॅसेट आणि गणपतीच्या आरत्या. बॅरिटोन म्हणजे नक्की काय, त्यात आयुष्य कसं जातं, पोट भरतं का, आणि एकवीस म्हणजे उशीर झाला का? एक भीतीही आहे. मागच्या वर्षी एका क्लासमध्ये त्याला टेनर म्हणून वरचं वरचं गायला लावलं आणि तीन आठवडे आवाज बसला होता, इएनटीकडे जावं लागलं. पुन्हा तसं नको व्हायला.

तानपुरा_नौपाडा

ताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी हिंदुस्थानी संगीतवाला माणूस, पण तरुणपणी नोकरीच्या निमित्ताने युरोपात तीन वर्षं होतो तेव्हा ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, पुष्कळ ऐकला, स्वस्तातल्या उभ्याच्या तिकिटांवर.

आपल्या भाषेत सांगतो. पांढरी एकचा षड्ज धरा. बॅरिटोन गाणारा साधारण मंद्र धैवतापासून तार पंचमापर्यंत हिंडतो, कधी तार धैवतही लावतो. टेनर त्याच्या वर जातो, बास खाली. म्हणजे तुमच्या मुलाचा आवाज हा पुरुषाचा सगळ्यात नेहमीचा आवाज झाला, बहुतेक पुरुष या मधल्याच घरातले. पण आपल्याकडे तार पंचमाला नुसता स्पर्श करून आलं तरी दाद मिळते, यांना त्या पंचमावर उभं राहून शब्द बोलायचे असतात, रागाचे, रडण्याचे, आणि समोर साठ-सत्तर वाद्यं चालू असतात.

आणि माईक नाही! मला तेव्हा ह्याचंच कोडं पडायचं. आपल्या संगीत नाटकांतही माईक नव्हता, पण आपल्याकडे त्यावर उपाय पट्टीचा होता, पुरुषसुद्धा उंच पट्टीत गायचे म्हणजे पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज जाईल. यांनी पट्टी वर नेली नाही, आवाजातली धार वाढवली. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी हे मोजून दाखवलंय. ऑर्केस्ट्राचा सगळा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जाल तसा तो ओसरतो. शिकलेला ऑपेरा गायक घशाची पोकळी अशी काही जमवतो की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार होतो, आणि नेमकं तिथेच ऑर्केस्ट्रा कमजोर असतो. त्या फटीतून आवाज बाहेर येतो. जोर लावून ओरडल्याने येत नाही, ओरडलं तर घसाच जातो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराला जवळपास ३८०० खुर्च्या आहेत, शेवटच्या खुर्चीला ऐकू येतं ते या धारेमुळे.

कोरसवाला_नेरूळ

काकांनी भारी समजावलंय. मी स्वतः टेनर, नेरूळच्या चर्च कॉयरमध्ये दहा वर्षं गातोय, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा दिल्यात, प्रोफेशनल नाही. पण काकू, ते टेनर करायला लावणं हा आपल्याकडचा कॉमन प्रॉब्लेम आहे, प्रत्येक कॉयरला टेनर कमी पडतात, मग ज्याला वरचा सूर लागतो त्याला ढकला तिकडे. सूर लागणं आणि आवाज तिथे राहणं यात फरक आहे. किती वर जातो हे बघायचं नसतं, कुठे वळतो हे बघायचं असतं. प्रत्येक आवाजाला एक वळण असतं, जिथे खालचा आवाज सोडून वरचा धरावा लागतो, इटालियनमध्ये पास्साज्जो म्हणतात, हलक्या बॅरिटोनचं ते काकांच्या हिशोबात साधारण मध्य निषाद ते तार गांधार असं पडतं. तिथे त्याला काय वाटतं ते विचारा. तिथे त्याचा आवाज जड होत असेल आणि खालचं घर आरामाचं असेल तर तो बॅरिटोनच.

अर्थात मोठमोठ्यांचाही यात गोंधळ झालाय. कार्लो बेर्गोंझी १९४८ मध्ये बॅरिटोन म्हणून उभे राहिले, मग स्वतःच आवाज पुन्हा घडवला आणि १९५१ मध्ये टेनर म्हणून पुन्हा पदार्पण केलं, पुढे व्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या ऑपेरांतले मोठे टेनर झाले. उलट प्लासिदो दोमिंगो आयुष्यभर टेनर गायले आणि २००९ मध्ये, साठी उलटल्यावर, बर्लिनला 'सिमोन बोक्कानेग्रा'त बॅरिटोनचा रोल घेतला. म्हणून आज कोणी लेबल लावलं तर त्यावर लगेच आयुष्य बेतायचं नाही.

उशीर झाला का? अजिबात नाही!! बॅरिटोन उशिरा पिकतो. व्हेर्दीचे जड रोल, रिगोलेत्तो, मॅकबेथ, इयागो, हे पस्तिशीच्या आसपास हातात घेतात आणि चाळिशीत खरे गातात. पंचविशीत मोझार्ट गायचा. मॅजिक फ्लूटमधला पापागेनो, फिगारोच्या लग्नातला काउंट, असं.

घोडबंदरवाली

मला इथे एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही, बॅरिटोन द्मित्री ह्वोरोस्तोव्स्की. सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा मुलगा, १९६२ चा जन्म. वडील इंजिनिअर (तुमचा मुलगाही तोच ना), घरात संध्याकाळी गाणं-पियानो करणारे. हा १९८९ मध्ये कार्डिफच्या बीबीसीच्या गायन स्पर्धेत आला आणि जिंकला, आणि त्याच वर्षी त्याच स्पर्धेत वेल्सचा ब्रिन टर्फेल होता, त्याला गीतगायनाचं बक्षीस मिळालं. दोघंही पुढे जगभर गायले. म्हणजे एका संध्याकाळी एका स्टेजवर त्या पिढीचे दोन मोठे गायक उभे होते आणि दोघांत सरस कोण यावर लोक आजही वाद घालतात.

त्याचा श्वास! एक ओळ सुरू केली की ती संपेपर्यंत श्वास दिसायचाच नाही, नंतरची ओळही त्याच श्वासात. मी तेव्हा न्यूजर्सीला होते. २०१५ च्या जूनमध्ये बातमी आली की त्याला ब्रेन ट्यूमर आहे आणि ऑगस्टपर्यंतचे सगळे कार्यक्रम रद्द. आणि सप्टेंबरमध्ये तो मेटला (काकांनी सांगितलेलं न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन) 'इल त्रोवातोरे' गायला परत आला, तीनच प्रयोगांसाठी, मधे ट्रीटमेंट थांबवून. मी पार वरच्या माळ्यावर होते. तो नुसता स्टेजवर आला, अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर टाळ्या थांबेचनात. त्यात तो काउंट होता, आणि काउंटचं एक गाणं आहे, प्रेमाचं, सगळं वरच्या सुरांत, बॅरिटोन लोक त्याला घाबरतात. त्याने ते हळुवार गायलं. माझ्या बाजूच्या आजी रुमाल तोंडाला लावून बसल्या होत्या, पाणी पुसतानाही आवाज होऊ नये म्हणून. शेवटी पडदा पडल्यावर खालून ऑर्केस्ट्राच्या वादकांनी त्याच्यावर पांढरे गुलाब फेकले. वादक फेकत होते, प्रेक्षक नाही. रोज शंभर गायकांना साथ करणारी माणसं ती.

मे २०१७ मध्ये मेटच्या खास मैफलीला (गाला) तो न सांगता आला आणि रिगोलेत्तोची विनवणी गायला, मुलीसाठी दरबाऱ्यांपुढे हात पसरणारा बाप. नोव्हेंबरमध्ये गेला, पंचावन्नाव्या वर्षी. मुलाला त्याची रेकॉर्डिंग ऐकवा, पण नक्कल करू देऊ नका, तो जड गडद रंग काढायला जाऊन पुष्कळ मुलं गळा बिघडवतात.

कळवेकर_७१

सगळं वाचलं, छान आहे. पण ताईंनी पोट भरतं का विचारलंय आणि त्यावर कोणी बोललेलं नाही. माझ्या घरात एक कलाकार आहे (नाटक), त्यामुळे मनापासून विचारतोय, निरुत्साह करायचा हेतू नाही. मुलगा इंजिनिअर होतोय. ती नोकरी सोडून जायचं तर पुढची दहा वर्षं कशी दिसतात ते कोणी सांगा. द्मित्री एक असतो. बाकीचे काय करतात?

पाचपाखाडी_मावशी

कळवेकर, बरोबर विचारलंत. माझा भाचा बाकीच्यांपैकीच आहे, बॅरिटोन, जर्मनीत. म्हणून जे बघितलंय ते लिहिते, जरा लांबेल.

जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या वर थिएटरं आहेत जिथे ऑपेरा होतो, लहान लहान गावांतसुद्धा, आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी नाट्यगृह असतं तसं, पण त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा, स्वतःचा कोरस आणि पगारी गायक. त्या पगारी गायकाला फेस्ट म्हणतात. महिन्याचा पगार, विमा, सगळं. बदल्यात थिएटर सांगेल ते गायचं. पहिल्या सीझनला भाच्याकडे अकरा रोल होते आणि त्यातले सात चार-चार ओळींचे, निरोप्या, शिपाई, दुसरा पहारेकरी. एका आठवड्यात सोमवारी इटालियन, बुधवारी जर्मन, शनिवारी मुलांचा ऑपेरा सकाळी अकराला. पण आवाज तिथे घडला. मोठ्या बॅरिटोनला रोज विंगेतून बघणं ही शाळा.

करार वर्षाचा. पुढच्या सीझनला ठेवणार नसतील तर साधारण ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं. त्यामुळे आमच्या घरी ऑक्टोबर आला की माझी बहीण देव पाण्यात ठेवते. नवा डायरेक्टर आला की तो आपली माणसं आणतो, गाण्यात काही खोट नसते तरी जातात.

चार वर्षांपूर्वी त्याने फेस्ट सोडलं, आता फ्रीलान्स. फी प्रयोगामागे मिळते. तालमी पाच-सहा आठवडे चालतात, तेव्हा राहायचं भाडं बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून, एजंटचं कमिशन वेगळं. आणि मुख्य म्हणजे गायलास तर पैसे. मागच्या हिवाळ्यात प्रीमिअर गायला आणि दुसऱ्या प्रयोगाच्या दिवशी सर्दी छातीत उतरली. सकाळी दहाला उठून त्याने एक सूर लावून बघितला, लागला नाही, फोन केला. दोन प्रयोग गेले, म्हणजे दोन फी गेल्या, पण सहा आठवडे तिथे काढलेच होते ना. बदली गायक दुपारच्या ट्रेनने आला आणि रात्री उभा राहिला. मला त्याने हे फोनवर कुजबुजत सांगितलं, कारण बोलायचंही नव्हतं. कोविडमध्ये तर सगळंच बंद, मेटसुद्धा मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ बंद होतं. त्या दीड वर्षात तो गोडाउनमध्ये पार्सलं लावत होता आणि रात्री शाली-रजया टांगलेल्या कपाटात तोंड घालून रियाज, शेजारी तक्रार करतात म्हणून.

गणपतीला येतो तेव्हा आरतीला नुसते ओठ हलवतो, झांजांच्या वर ओरडत नाही. आधी मला राग यायचा, आता कळतं. एकदा विसर्जनाहून परतल्यावर मी म्हटलं एक काहीतरी म्हण रे, तर बसल्या जागी, जोर न लावता म्हणाला. खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून वर आले आणि चपला हातात घेऊन दारातच उभे राहिले.

पैशाचं नेमकं सांगायचं तर इंजिनिअर मित्रांपेक्षा कमी मिळवतो, कर्ज नाही, स्वतःचं भागवतो. त्याला सोडायचंय का असं मी दरवर्षी विचारते आणि दरवर्षी तो नाही म्हणतो.

कळवेकर_७१

मावशी, इतकं स्वच्छ कोणी लिहीत नाही. मनापासून धन्यवाद.

खाडीकिनारी

मावशी, तुमचा प्रतिसाद मी मुलाच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पार्सलांपाशी ते म्हणाले, थांब जरा, आणि पाणी प्यायला उठले. मग परत येऊन म्हणाले पुढे वाच.

मुलालाही दाखवला. तो म्हणाला, मला हे माहितीये. त्याला माहीत होतं आणि त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं.

एक गंमत दाखवते. त्याची वही आहे, दोनशे पानी, त्यात इटालियन गाणी देवनागरीत लिहिलेली आहेत. रोमनमध्ये लिहिलं की मी इंग्लिश बोलतो, म्हणतो. आणि काही च च्या खाली त्याने लाल टिंब दिलंय. ते का ते सांगत नाही, म्हणतो ओळख.

कोरसवाला_नेरूळ

काकू मी ओळखलं!! चमच्यातला च आणि चिमणीतला च! इटालियनमध्ये दोन्ही आहेत. पिझ्झा आपण चुकीचा म्हणतो, ते खरं पित्त्सा आहे, म्हणजे चमच्यातला च. आणि चाओ म्हणजे चिमणीतला. तसंच ज चं, मेझ्झो मधला तो जहाजातला ज. इंग्लिश, अमेरिकन मुलांना हे शिकवावं लागतं, मराठी माणसाच्या तोंडात आयतं आहे. आणि त, द तर हुबेहूब आपले, जीभ दाताला लागणारे, हवा न सोडता. लंडनच्या एका ऑनलाइन मास्टरक्लासमध्ये मास्तर एका इंग्लिश मुलाला त म्हणायला अर्धा तास शिकवत होते, मी इकडे नेरूळला बसून सतरा वेळा बरोबर म्हटला. तुमच्या पोराने स्वतःहून ही वही केली असेल तर त्याचा कान चांगला आहे. फ्रेंचमध्ये मात्र रडवेल, ते अनुस्वार आपले नाहीत.

घोडबंदरवाली

फ्रेंचवरून आठवलं, मासने या फ्रेंच संगीतकाराचा 'लाहोरचा राजा' म्हणून ऑपेरा आहे, पॅरिसला १८७७ मध्ये झाला, त्यात राजाचा मंत्री, जो पुढे राजाचा घात करतो, तो बॅरिटोन आहे आणि त्याचं नाव काय तर सिंदिया! म्हणजे आपले शिंदे. गोष्ट अकराव्या शतकातली, तेव्हा कुठले शिंदे, पण पॅरिसमध्ये कोणीतरी नाव ऐकलं आणि टाकलं. त्याचं एक गाणं आजही बॅरिटोन लोक मैफलीत गातात. फ्रेंच रडवेल तेव्हा हे आधी शिकव म्हणावं, मराठी मुलगा शिंदे गाणार नाही तर कोण गाणार.

आणि इथे ऐकायला काहीच नाही असं समजू नका. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे २००६ पासून, तिथे मेटचे प्रयोग पडद्यावरही दाखवतात. चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा पॅट्रिशिया रोझारियो गायल्या, त्या मुंबईतच वाढलेल्या, लंडनला शिकून जगभर गायल्या. म्हणजे वाट आहे.

पाचपाखाडी_मावशी

शिक्षणाच्या खर्चाचं राहिलं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत कॉलेजांत फी जवळपास नसते, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क असतं. काही ठिकाणी मात्र घेतात, जसं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो केलेत. लंडन त्याच्या कितीतरी पट. राहण्याखाण्याचा खर्च मात्र कुठेही चुकत नाही. प्रवेश सगळा ऑडिशनवर, आणि भाषा आधी शिकून जा म्हणावं, भाच्याचं पहिलं वर्ष भाषेतच गेलं.

खाडीकिनारी

दोन महिन्यांनी अपडेट देतेय, तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून.

इएनटीने दुर्बिणीने स्वरयंत्र बघितलं, सगळं ठीक आहे. ते टीव्हीवर मलाही दाखवलं, दोन पांढऱ्या पट्ट्या, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. यावर सगळं चालतं हे बघून मला कसंसंच झालं. रात्री उशिरा जेवणं बंद केलंय, आम्लपित्त घशापर्यंत येऊन तिथे सूज आणतं म्हणाले, आता घरात सगळेच साडेसातला जेवतो.

दक्षिण मुंबईत एक बाई मिळाल्या शिकवायला. दर शनिवारी ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून फास्ट लोकल, मग टॅक्सी, पाऊण तासाच्या धड्यासाठी चार तास. पहिल्या दिवशी मीही गेले. त्याने द्मित्रीचं ते काउंटचं गाणं तयार करून नेलं होतं. बाईंनी दोन ओळी ऐकल्या, पियानोचं झाकण अर्धं लावलं आणि म्हणाल्या, हे बारा वर्षांनी. मग एक जुनं साधं इटालियन गाणं दिलं, एका पानाचं. तेवढ्याच पानावर आता आठवा आठवडा चालू आहे. मला वाटलं तो हिरमुसेल, पण घरी येताना दादरपर्यंत तोच एक सूर तोंड मिटून घोळवत होता, समोरची बाई त्याच्याकडे बघत होती.

ठरलं असं की इंजिनिअरिंग पूर्ण करायचं, एक वर्ष नोकरी, पैसे साठवायचे, जर्मन शिकायचं, मग ऑडिशन. बाबांनी स्वतः ऐरोलीतला जर्मनचा क्लास शोधून आणला. काही बोलले नाहीत, पावती टेबलावर ठेवली.

तानपुरा_नौपाडा

ताई, फार आनंद झाला. एक विनंती आहे. मी आता गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाही, तलावपाळीच्या मागे दुसऱ्या मजल्यावर राहतो. एखाद्या रविवारी मुलाला घेऊन या. ते एक पान मला ऐकायचं आहे, आठ आठवड्यांचं. चाळीस वर्षांत समोर बसून बॅरिटोन ऐकलेला नाही. हॉल लहान आहे, आम्ही पंखा बंद करू, रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेऊ.

खाडीकिनारी

काका, या रविवारी पाचला येतो. तो म्हणतोय पंखा चालू राहू दे, आणि खिडक्याही.